गोळीचे शिसे : मिश्रणाची निवड आणि तिच्या परिभाषेचा इतिहास

१

इटलीतील पेरूझिया हे नगर प्राचीन काळी पेरूसिया या नावाने ओळखले जात असे. इ. स. पू. ४१ मध्ये लूसिअस अँटोनिअस या नगरात कोंडला गेला आणि ऑक्टेव्हिअनच्या सैन्याने नगरास वेढा घातला. त्या वेढ्यात दोन्ही पक्षांच्या गोफणकऱ्यांनी एकमेकांवर फेकलेल्या शिशाच्या गोळ्या पुढील काळात तेथील भूमीत सापडल्या. त्यांपैकी अनेक गोळ्यांवर अक्षरे आहेत : कोठे पलटणीचा क्रमांक, कोठे नायकाचे नाव, तर कोठे शत्रूस उद्देशून केलेली अर्वाच्य थट्टा. साच्यात अक्षरे उलटी कोरावयाची आणि त्यात वितळलेले शिसे ओतून ती सुलटी उमटवावयाची, ही क्रिया छपाईचा खिळा जन्मास येण्यापूर्वी सुमारे दीड हजार वर्षे गोळीच्या निमित्ताने होत होती. लॅटिन भाषेत अशा गोळीस ‘ग्लान्स’ म्हणत. त्या शब्दाचा मूळ अर्थ ओक वृक्षाचे फळ असा आहे.

गोळी आणि अक्षर यांचे शिशाच्या ठायी झालेले हे सहवास्तव्य पुढेही सुटले नाही. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत, विशेषतः अमेरिकेत, घरच्या घरी गोळ्या ओतणाऱ्या शिकाऱ्यांनी व नेमबाजांनी जी मिश्रणे वापरली, त्यांतील कित्येकांची नावे छापखान्यातून आलेली आहेत. प्रस्तुत निबंधाचा विषय या मिश्रणांची निवड हा आहे. ही निवड केवळ धातुविद्येचा प्रश्न म्हणून पाहिली तर तिचा अर्धाच इतिहास हाती लागतो. कोणते मिश्रण घ्यावे हे ठरविताना ओतणाऱ्याने त्या मिश्रणास कोणत्या नावाने ओळखले, आणि त्या नावात कोणाचे ज्ञान साठविलेले होते, हे पाहिल्यावाचून दुसरा अर्धा भाग उलगडत नाही.

विषयाची भौगोलिक मर्यादा आरंभीच सांगितली पाहिजे. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये परवान्यावाचून दारूगोळा तयार करण्यास मनाई आहे. यामुळे घरगुती ओतकामाची अखंड व लिखित परंपरा येथे शोधण्यात अर्थ नाही. ती अमेरिकेत आढळते, म्हणून विवेचनाचा भर तेथील सामग्रीवर राहणार हे ओघानेच आले.

२

शिशाचा वितळबिंदू ३२७ अंश सेल्सिअस आहे, म्हणजे साध्या चुलीच्या आवाक्यातील. त्याची घनता पाण्याच्या अकरा पटींहून अधिक असल्याने लहानशा गोळीतही पुष्कळ वजन मावते. या दोन गुणांमुळे ते गोळीसाठी पूर्वापार पसंत केले गेले. त्याचा तिसरा गुण मऊपणा हा होय. आणि निवडीचा सारा प्रश्न या तिसऱ्या गुणापाशी उत्पन्न होतो. नखाने ओरखडा उठावा इतके शुद्ध शिसे मऊ असते. बंदुकीच्या एका रचनेत हा मऊपणा हवा असतो, दुसऱ्या रचनेत तो घातक ठरतो.

मऊपणा कमी करण्यासाठी मुख्यत्वे दोन धातू मिसळल्या जातात. कथील २३२ अंशांस वितळते. ते मिसळल्याने वितळलेल्या शिशाचा पृष्ठताण कमी होतो, रस साच्याच्या कानाकोपऱ्यांत नीट शिरतो आणि गोळीच्या कडा स्वच्छ उतरतात. कठीणपणातही माफक वाढ होते. अँटिमनी ६३१ अंशांस वितळते. शिशास खरा कठीणपणा तीच देते, शिवाय थिजताना होणारे आकुंचन कमी करते; मात्र प्रमाण वाढल्यास धातू ठिसूळ होते. तिसरा घटक सोमल, म्हणजे आर्सेनिक, हा अत्यल्प प्रमाणात पुरतो. अँटिमनी असलेल्या शिशात त्याचा अंश असेल, तर साच्यातून काढलेली गरम गोळी तत्काळ पाण्यात टाकल्याने ती बरीच कठीण होते. लोहार पोलादास पाणी देतो त्यासारखीच ही क्रिया बाहेरून दिसते, मात्र तिच्यामागील अंतर्गत घडामोड निराळी आहे.

शिसे व कथील या दोन धातूंकडे प्राचीनांनी एकाच कुळातील म्हणून पाहिले. प्लिनीने इ. स. पहिल्या शतकात शिशास ‘काळे शिसे’ आणि कथिलास ‘पांढरे शिसे’ म्हटले आहे. दोहोंच्या समभाग मिश्रणाची आणि ‘तृतीयक’ अशा अर्थाच्या दुसऱ्या एका मिश्रणाचीही त्याने नोंद केली आहे. या दुसऱ्या मिश्रणात दोन भाग काळे व एक भाग पांढरे शिसे असे, आणि नळांचे सांधे जोडण्याकरिता ते वापरीत. भाषेच्या दृष्टीने ही नोंद मोलाची आहे. मिश्रणास त्याच्या प्रमाणावरून नाव देण्याची रीत किती जुनी आहे, हे तीवरून कळते.

३

ठासणीच्या बंदुकीच्या काळात घरी गोळी ओतणाऱ्याने मिश्रणाचा फारसा विचार केला नाही. करण्याचे कारणही नव्हते. अठराव्या शतकातील अमेरिकेत रायफलीची नळी हाताने घडविली जात असे, त्यामुळे दोन नळ्यांचे व्यास सहसा जुळत नसत. याकरिता बंदूक घडविणारा कारागीर बंदुकीबरोबर तिच्यापुरता साचाही देई. गोळी नळीच्या व्यासाहून किंचित लहान असे. वंगण लावलेल्या कापडाच्या तुकड्यात ती गुंडाळून वरून ठासली जाई, आणि नळीतील पेचांची पकड गोळीऐवजी कापडास बसे. अशा ठिकाणी शिसे जितके शुद्ध व मऊ तितके चांगले. कापडाची वीण गोळीवर उमटावी, इतपत ते दबावे अशी अपेक्षा असे.

परंतु शुद्ध शिसे मिळणे हीच अडचण होती. १७७६ साली न्यू यॉर्क येथे जे घडले ते या संदर्भात उद्बोधक आहे. तेथील बोलिंग ग्रीन या चौकात जोसेफ विल्टन याने घडविलेला तिसऱ्या जॉर्ज राजाचा अश्वारूढ पुतळा १७७० मध्ये उभारण्यात आला होता. तो शिशाचा असून त्यावर सोन्याचा मुलामा होता. ९ जुलै १७७६ रोजी स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचून दाखविण्यात आल्यानंतर जमावाने तो खाली ओढला. त्याचे बरेचसे तुकडे कनेटिकटमधील लिचफील्ड गावी ऑलिव्हर वुल्कट याच्याकडे पोचले आणि तेथील स्त्रिया व मुले यांनी ते वितळवून गोळ्या ओतल्या. वुल्कटची मुले लॉरा, मेरी अ‍ॅन व लहानगा फ्रेडरिक यांचाही त्यांत समावेश होता. कोणी किती काडतुसे केली याची नावनिशीवार नोंद राहिली आहे. एकूण संख्या ४२,०८८ भरते. न्यू यॉर्कमध्ये त्याच वर्षी घराघरांतील खिडक्यांच्या तावदानांना तोल देणारी शिशाची वजनेही काढून घेण्यात आली.

या प्रसंगात निवड नाही, उपलब्धता आहे. पुतळा, खिडकीचे वजन, नळ किंवा छपराचा पत्रा यांपैकी जे हाती येईल ते शिसेच, एवढीच ओळख पुरेशी होती. ‘शिसे’ या एका शब्दावाचून दुसऱ्या नावाची गरज पडली नाही, कारण बंदुकीनेच ती पाडली नव्हती. घरी गोळी ओतणाऱ्याचे साहित्य हे दुसऱ्या कोणत्या तरी उपयोगातून मोडीत निघालेले साहित्य असते, ही गोष्ट मात्र येथे प्रथमच स्पष्ट दिसते. पुढील दोन शतकांत ती बदलली नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास क्लोद-एत्येन मिनिए या फ्रेंच सेनाधिकाऱ्याची लांबट गोळी प्रचारात आली (१८४९). तिच्या बुडाशी पोकळी असे. दारूच्या वायूंचा दाब पोकळीत शिरून बुडाचा कड फुगे आणि पेचांत घट्ट बसे. कठीण मिश्रण फुगत नाही, म्हणून येथे शुद्ध शिशाचा आग्रह पूर्वीहून अधिक काटेकोर झाला. भारतीय वाचकास परिचित असलेली १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल याच तत्त्वावरची. १८५७ मध्ये ज्या चरबीवरून क्षोभ झाला, ती तिच्या गोळीभोवतीच्या कागदास वंगण म्हणून लावली जात असे. मऊ शिसे आणि वंगण यांची जोडी तेव्हापासून आजतागायत अभेद्य राहिली आहे.

४

मिश्रणाचा खरा प्रश्न मागून भरावयाच्या बंदुकीने उपस्थित केला. धातूच्या काडतुसात दारू अधिक मावू लागली, गोळी लांब व जड झाली. अशी गोळी शुद्ध शिशाची असल्यास दारूच्या धक्क्याने तिचे टोक बसते व आकार बिघडतो. शिवाय नळीस आतून शिसे धरते आणि नेम चुकू लागतो. उपाय म्हणून कथील मिसळण्यात आले. ब्रिटिश सैन्याने १८७१ मध्ये स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीची गोळी ४८० ग्रेन, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅम वजनाची असून तीत बारा भाग शिशास एक भाग कथील असे. अमेरिकेत रानरेड्यांची शिकार आणि लांब पल्ल्याची नेमबाजी यांकरिता एकास सोळा, एकास वीस, एकास तीस, एकास चाळीस अशी प्रमाणे रूढ झाली.

या नावांचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. ‘एकास वीस’ हे मिश्रणाचे नाव आहे आणि कृतीही आहे. गवंड्याच्या तोंडच्या ‘एकास चार’ या शब्दांत चुन्याचे वा सिमेंटचे नाव येत नाही, तरी ऐकणाऱ्यास काय कालवावयाचे ते कळते, तसेच हेही. नाव ऐकणाऱ्याजवळ तराजू असला की मिश्रण सिद्ध होते. दुसऱ्या कोणाच्या शब्दावर विसंबण्याची आवश्यकता राहत नाही. टक्केवारीत मांडल्यास एकास सोळा म्हणजे सुमारे ५.९ टक्के कथील, एकास वीस म्हणजे ४.८ टक्के, एकास चाळीस म्हणजे २.४ टक्के. तथापि चुलीपाशी बसलेला ओतारी टक्केवारीत विचार करीत नसे. एक शेर कथील घेतले तर शिसे किती शेर घ्यावे, हा त्याचा हिशेब होता.

प्रमाणवाचक नावामागे एक गृहीत दडलेले असते : दोन्ही घटक शुद्ध आहेत. वीस भाग शिशात मुळातच दुसरे काही मिसळलेले असेल तर ‘एकास वीस’ हे नाव खरे राहत नाही. शिवाय कथील शिशाच्या कितीतरी पट महाग. म्हणूनच, तेवढाच किंबहुना अधिक कठीणपणा स्वस्तात देणाऱ्या अँटिमनीकडे लक्ष वळले. आणि अँटिमनी मिसळलेले आयते शिसे ज्या एका धंद्यात विपुल होते, तो धंदा छपाईचा होता.

५

छपाईच्या खिळ्यास गोळीपेक्षा फार कडक परीक्षा द्यावी लागते. अक्षराच्या बारीक रेषा साच्यात पूर्ण भराव्यात, थिजताना अंग आकसू नये, आणि दाबाखाली हजारो प्रती निघेपर्यंत धार झिजू नये. या तीन अटींस शिसे, कथील व अँटिमनी हे त्रिकूट उतरले. इटालियन धातुविद बिरिंगुच्चो याच्या १५४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात खिळ्यांसाठी या तीन द्रव्यांचा उल्लेख सापडतो, मात्र त्यात कथिलाचा भाग मोठा आहे. जोसेफ मॉक्सन याच्या १६८३ मधील ग्रंथात शिसे प्रधान झालेले दिसते. त्याच्या वर्णनात अँटिमनीबरोबर लोखंडी खिळेही भट्टीत टाकले जातात. खनिज अँटिमनीतील गंधक लोखंडाने ओढून घ्यावा, हा त्यातील रासायनिक व्यवहार होता. मराठीत छपाईच्या टंकास ‘खिळा’ म्हणतात, तो आकारसाम्यावरून. मॉक्सनच्या भट्टीतील खिळ्यांशी त्याचा संबंध नाही. हा केवळ योगायोग असला तरी स्मरणात ठेवावा असा आहे. काम आटोपल्यावर कामगारांनी विषारी वाफेवर उतारा म्हणून मद्यात तेल मिसळून प्यावे, अशी चालही मॉक्सनने नोंदविली आहे. उतारा निरुपयोगी होता. भीती मात्र निराधार नव्हती.

१८८६ मध्ये ऑटमार मेर्गेनथालर याचे लिनोटाइप यंत्र न्यू यॉर्क ट्रिब्यून या वृत्तपत्रात कामास लागले. त्यात सुटे खिळे न जुळविता संपूर्ण ओळच ओतली जाई आणि छपाईनंतर पुन्हा वितळविली जाई. यंत्रास भराभर थिजणारी धातू हवी. शिसे ८४, अँटिमनी १२ व कथील ४ या प्रमाणाच्या मिश्रणात तो गुण पराकोटीचा आढळतो. कारण या तीन धातूंच्या मिश्रणांत सर्वांत कमी तापमानास, म्हणजे सुमारे २४० अंशांस, वितळणारे प्रमाण जवळजवळ हेच आहे. असे मिश्रण थिजताना अर्धवट घट्ट अवस्थेत रेंगाळत नाही. मोनोटाइप यंत्रास सुटे अक्षर ओतावयाचे असल्याने त्याची धातू अधिक कठीण ठेवीत. तीत अँटिमनी व कथील दोन्ही वाढविलेली असत. हाताने जुळवावयाच्या खिळ्यांची धातू सर्वांत कठीण. १८६९ मध्ये जावजी दादाजी यांनी मुंबईत सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याचे देवनागरी खिळेही याच त्रिधातूच्या कुळातले होत. जुळाऱ्याच्या पेटीतील झिजलेला खिळा मोडीत जाऊन पुन्हा भट्टीत पडे. धातू तीच, अक्षर नवे.

अमेरिकेतील घरगुती ओताऱ्यांना या मोडीचा शोध लागला तेव्हा मिश्रणाच्या परिभाषेत मोठे परिवर्तन घडले. ‘एकास वीस’ या जातीच्या नावांशेजारी ‘लिनोटाइप’, ‘मोनोटाइप’, ‘स्टिरिओटाइप’ ही नावे येऊन बसली. मोटारींचा प्रसार झाल्यावर तिसरे एक नाव त्यांच्यात आले. चाकाचा तोल साधण्याकरिता कडेवर अडकविण्याची शिशाची वजने गाड्यांच्या दुरुस्तीच्या दुकानांत ढिगाने पडत आणि पुष्कळदा फुकट मिळत. त्यांत अँटिमनी साधारण तीन टक्के, कथील अगदी थोडे आणि सोमलाचा अंश असे, राहिलेले शिसे. चाकास घट्ट बसण्याइतके कठीण आणि वळविता येण्याइतके मऊ, अशी ही धातू मध्यम दाबाच्या गोळीस जवळजवळ जशीच्या तशी चालली. लिनोटाइप एक भाग व शुद्ध शिसे तीन भाग घेतल्यास अँटिमनी तीन टक्के व कथील एक टक्का पडते, म्हणजे छापखान्याच्या मोडीपासून चाकाच्या वजनासारखी धातू सहज साधते. असे हिशेब ओताऱ्यांच्या नित्य व्यवहाराचा भाग बनले.

ही नावे उगमवाचक आहेत. त्यांत घटक सांगितलेले नाहीत, प्रमाणही नाही. धातू कोठून आली एवढेच सांगितले आहे. प्रमाणाची काळजी दुसऱ्या कोणी तरी, म्हणजे यंत्राच्या कारखानदाराने वा खिळे ओतणाऱ्याने, आधीच घेतलेली असते. आणि घरचा ओतारी त्या काळजीचा वारस होतो. प्रमाणवाचक नाव तराजूवर उभे होते, उगमवाचक नाव विश्वासावर उभे राहते.

६

विश्वासास पहिला तडा बंदुकीकडूनच गेला. पॉल व्हिएय याने १८८४ मध्ये सिद्ध केलेल्या धूरविरहित दारूने नळीतील दाब व गोळीचा वेग इतका वाढविला की सैन्यांनी उघड्या शिशाची गोळी सोडून धातूच्या कवचाची गोळी पत्करली. घरच्या ओताऱ्यास कवच घडविणे शक्य नव्हते. त्याने बुडाशी तांब्याची लहानशी वाटी बसविली, वंगणे बदलली आणि मिश्रण अधिक कठीण केले. न्यू हेवन येथील जॉन बार्लो याची आयडियल कंपनी साचे विके व त्यांबरोबर माहितीची पुस्तिका काढी. १९२५ मध्ये ही कंपनी लायमन या कंपनीकडे गेली. लायमनच्या पुस्तिकांनी ‘नंबर दोन’ हे मिश्रण सर्वतोमुखी केले : शिसे ९०, कथील ५, अँटिमनी ५.

१९३५ मध्ये .३५७ मॅग्नम हे जोरकस पिस्तुली काडतूस आले, तेव्हा त्याच्या मऊ शिशाच्या गोळ्यांनी नळीस शिसे धरण्याची तक्रार पुन्हा उद्भवली. त्या काळचा प्रसिद्ध शिकारी-लेखक एल्मर कीथ मात्र जोरदार बारांसाठी एकास सोळा या जुन्याच मिश्रणाचा पुरस्कार करीत राहिला. जुनी व नवी नामपद्धती येथे एकाच काळात शेजारी नांदताना दिसतात.

दुसरा मार्ग मोजमापाचा. स्वीडिश अभियंता योहान ब्रिनेल याने १९०० मध्ये कठीणपणा मोजण्याची रीत मांडली. पोलादी गोळा ठराविक भाराने पृष्ठावर दाबावयाचा आणि पडलेल्या खळग्यावरून अंक काढावयाचा. या मोजणीत शुद्ध शिसे सुमारे ५, चाकाची वजने १० च्या आसपास, नंबर दोन १५ आणि लिनोटाइप २० च्या आगेमागे येते. घरी वापरता येतील अशी लहान उपकरणे निघाल्यावर ओताऱ्यांच्या बोलण्यात ‘लिनोटाइप’च्या जागी ‘बाविसाचे’, ‘बाराचे’ असे अंक ऐकू येऊ लागले. ब्रिनेल अंकास १,४२२ ने गुणले की दर चौरस मिलिमीटरामागील किलोग्रॅमचे दर चौरस इंचामागील पौंडांत रूपांतर होते. या सोप्या गणितावरून नळीतील दाबास अनुरूप कठीणपणा निवडावा, असा नियम काही ग्रंथकारांनी सांगितला. त्याचा आशय असा की गोळी इतकी कठीण नसावी की दाबाने ती पेचांत बसणारच नाही, आणि इतकी मऊही नसावी की तिचा आकारच मोडेल.

हा नियम आकर्षक असला तरी पुरेसा नाही, हे अनुभवाने दाखविले. गोळीचा व्यास नळीस नीट जुळत असेल आणि वंगण योग्य असेल, तर नियमाहून मऊ गोळीही स्वच्छ जाते. व्यास कमी असेल तर कठीण गोळीच्या बाजूने तप्त वायू निसटतात आणि शिसे धरतेच. कठीण म्हणजे उत्तम, ही समजूत अशा रीतीने अर्धसत्य ठरली. कठीणपणाचा अंक हा गोळीच्या एका गुणाचे नाव आहे, गोळीच्या योग्यतेचे नव्हे.

७

उगमवाचक नावांचा खरा कस उगम बदलला तेव्हा लागला. न्यू यॉर्क टाइम्सने २ जुलै १९७८ चा अंक शेवटचा लिनोटाइपवर जुळविला. जगभर छपाई फोटोजुळणी व ऑफसेटकडे वळली, महाराष्ट्रातील छापखान्यांतूनही खिळ्यांच्या पेट्या हळूहळू उठल्या, आणि खिळ्यांच्या धातूची मोड दुर्मिळ झाली. जी उरली तिच्या नावाचाही भरवसा नव्हता. लिनोटाइपची धातू वारंवार वितळताना तिच्यातील कथील व अँटिमनी मळीबरोबर निघून जात असत, आणि छापखान्यात वेळोवेळी पूरक धातू घालून प्रमाण सावरावे लागे. ज्या छापखान्याने हे केले नाही त्याची मोड ‘लिनोटाइप’ याच नावाने विकली गेली, गुण मात्र उणे झालेले होते.

चाकाच्या वजनांचे तसेच झाले. युरोपीय संघाने नव्या गाड्यांकरिता शिशाच्या वजनांस २००५ मध्ये बंदी केली. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१० पासून ती अमलात आली. त्यांची जागा लोखंड व जस्त यांनी घेतली. लोखंडाचे तुकडे वितळलेल्या शिशावर तरंगतात, ते काढता येतात. जस्त ४१९ अंशांस वितळते; भट्टी बेताची तापविली तर तेही वर तरंगत राहते, पण दुर्लक्ष होऊन तापमान चढले की ते मिसळून जाते, आणि मग रस साच्यात नीट भरत नाही. डब्यावरचे नाव तेच, ‘चाकाची वजने’. त्या नावाखाली आता तीन वेगवेगळ्या धातू होत्या. मोटारीच्या विद्युतघटांतील शिशाची गोष्ट याहून गंभीर. त्यातील आर्सेनिक, अँटिमनी व पुढे आलेले कॅल्शियम यांच्या संयोगांतून आर्सीन व स्टिबीन हे प्राणघातक वायू निर्माण होण्याचा धोका असतो. या शिशास हात लावू नये, असे जाणते ओतारी परोपरीने बजावीत आले आहेत. येथे नावावरील विश्वास गोळीचा नेम बिघडविण्यापुरता राहत नाही. तो जिवावर बेततो.

विषाचा विचार याहून व्यापक आहे. ओतकामाच्या नेहमीच्या तापमानास शिशाची वाफ फारशी होत नाही. धोका मळीच्या बारीक धुळीपासून आणि त्या हातांनी खाण्यापिण्यापासून अधिक असतो, आणि तो घरातील लहान मुलांना सर्वाधिक बाधतो. लिचफील्डच्या अंगणात नऊ-दहा वर्षांचा मुलगा गोळ्या करीत होता, ही नोंद आज वाचणाऱ्यास त्या प्रसंगाचा अभिमान आणि त्यातील अज्ञान एकाच वेळी दिसतात. गोळीचे शिसे प्राण्यांच्या शरीरांतून गिधाडांच्या पोटी जाते हे सिद्ध झाल्यावर कॅलिफोर्नियाने काँडोर पक्ष्यांच्या प्रदेशात २००८ पासून आणि संपूर्ण राज्यात १ जुलै २०१९ पासून शिकारीतील शिशाच्या गोळ्यांस मनाई केली. अमेरिकेतील खनिजापासून शिसे काढणारी शेवटची भट्टी मिसुरी राज्यात होती. ती २०१३ च्या अखेरीस बंद झाली.

८

वरील विवेचनातून मिश्रणाच्या नावांच्या तीन रीती स्पष्ट होतात : प्रमाणवाचक, उगमवाचक आणि मापवाचक. त्या एकामागून एक आल्या असे दिसले, तरी एकीने दुसरीस हुसकून लावले नाही. कथील व शिसे शुद्ध मिळत होते तोवर ‘एकास वीस’ पुरेसे होते. शहराच्या उद्योगांतून प्रमाणबद्ध मोड मिळू लागली तेव्हा ‘लिनोटाइप’ हे नाव सोयीचे झाले. मोडीचा भरवसा उडाला तेव्हा अंकाचा आधार घ्यावा लागला. परंतु अंक कठीणपणा सांगतो, घटक सांगत नाही. पाणी दिलेली सोमलयुक्त गोळी आणि लिनोटाइपची गोळी यांचे अंक सारखे येऊ शकतात, त्यांचे वर्तन सारखे असेलच असे नाही. म्हणून जाणता ओतारी अखेर तिन्ही प्रश्न विचारतो : हे आले कोठून, यात काय किती आहे, आणि ते किती कठीण आहे?

भारतीय परंपरेसही हा विचार अपरिचित नाही. रसशास्त्रात शिशास ‘नाग’ व कथिलास ‘वंग’ म्हणतात, आणि रसरत्नसमुच्चयात वंगाचे ‘खुरक’ व ‘मिश्रक’ असे दोन भेद सांगून पहिला श्रेष्ठ मानला आहे. ज्यात मिसळ आहे त्यास निराळे नाव द्यावयाचे, हा त्यामागील विवेक होय. व्यवहारात तो नेहमी पाळला जातोच असे नाही. कल्हई करताना वापरलेल्या कथिलात शिशाची भेसळ असेल, तर भांड्यावर चढते ते कथील या नावाने आणि पोटात जाते ते शिसे.

पदार्थांच्या नावांचा अभ्यास करणाऱ्यास यातून एक दिशा मिळते. शब्दकोशात ‘लिनोटाइप’पुढे छपाईचे यंत्र हा अर्थ येईल आणि तो बरोबरच आहे. पण त्याच शब्दाने एका मोठ्या समूहाने सुमारे शंभर वर्षे एक धातू ओळखली, ती वितळविली, तिच्या गोळ्या केल्या आणि ती नाहीशी झाल्यावरही तिचे नाव तसेच उच्चारले. पेरूसियाच्या गोळीवर कोरलेले नाव सेनापतीचे होते. ज्या शिशातून ती ओतली, ते कोठून आले आणि त्यात काय मिसळले होते, हे त्या अक्षरांनी सांगितले नाही.